तिसऱ्या दिवसाची सूज: दाताच्या मुळावरच्या शस्त्रक्रियेची पार्श्वभूमी

दाताच्या मुळाचं टोक कापून काढण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे एपिकोएक्टमी, झाली की पहिला दिवस बधिरपणात आणि झोपेत जातो. दुसऱ्या दिवशी गाल जड होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी आरशात पाहावं, तर सूज उतरायच्या ऐवजी चढलेली. वरचा सुळा असेल तर डोळ्याखालची कातडी फुगून पापणी अर्धी मिटलेली, खालचा दात असेल तर हनुवटीची कड बुजलेली. माणूस घाबरतो आणि त्याला एकच प्रश्न पडतो: आत पू तर झाला नाही ना?

बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असंच असतं. पण हा प्रश्न असा सुटा विचारता येण्यासाठी फार मोठा काळ जावा लागला. जखमेची सूज वेगळी आणि जंतूंची सूज वेगळी, हे शतकानुशतकं कुणाला दिसूच शकत नव्हतं, कारण या दोन्ही बहुधा एकदमच यायच्या.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस या रोमन लेखकाने दाहाची चार लक्षणं लिहून ठेवली: लाली, सूज, उष्णता, वेदना. वर्णन इतकं नेमकं आहे की वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना आजही तेच शिकवतात. कारणाचा पत्ता मात्र नव्हता. मध्ययुगीन युरोपात तर जखमेतून घट्ट, पांढरट पू येणं हे चांगलं लक्षण मानणारे पुष्कळ होते. गाल सुजला की गरम पोटीस बांधायचं, गळू पिकवायचं आणि फोडायचं. दातातलं गळू असताना बाहेरून शेक दिला तर पू कधी कधी गालाच्या कातडीतूनच वाट काढतो आणि तिथे व्रण राहतो. म्हणून अशा गळूला बाहेरून शेकू नका, असं दंतवैद्य आजही बजावतात.

जंतूंची सूज किती भयंकर होऊ शकते याचं वर्णन १८३६ साली जर्मन वैद्य विल्हेल्म फॉन लुडविग यांनी केलं. जिभेखाली आणि गळ्यात लाकडासारखी कडक सूज येते, जीभ वर उचलली जाते आणि रुग्ण गुदमरतो. या आजाराला आजही लुडविगचंच नाव आहे आणि त्याचं मूळ बहुतेकदा खालच्या दाढेत सापडतं.

वळण आलं ते १८६७ साली. जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक आम्ल वापरून जखमा स्वच्छ ठेवण्याची पद्धत मांडली आणि पू न होता भरून येणाऱ्या जखमा हळूहळू नित्याच्या झाल्या. त्या जखमाही सुजत होत्या! माझ्या दृष्टीने या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा क्षण हाच. सूज हे शरीराचं स्वतःचं काम आहे, तिला जंतूच लागतात असं नाही, हे आता डोळ्यांना दिसत होतं. अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १८९६ साली केशवाहिन्यांतून द्रव आत-बाहेर कसा जातो याचं गणित मांडलं. कापलेल्या जागी या वाहिन्या सैल होतात, प्रथिनं बाहेर झिरपतात आणि त्यांच्यामागून पाणी. गालाचं मांस मऊ आणि सैल, त्यामुळे ते पटकन फुगतं. हा द्रव परत ओढून न्यायचं काम लसीकावाहिन्या करतात, पण त्या संथ असतात. म्हणून सूज ४८ ते ७२ तासांत शिगेला पोहोचते आणि मग ओसरू लागते.

मुळाचं टोक कापण्याबद्दल अमेरिकन दंतवैद्य जॉन फरार यांनी १८८४ साली लिहिलं. या उपचाराला त्यांनी ‘धाडसी’ म्हटलं, आणि तो होताच. योगायोग असा, की त्याच वर्षी व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर करून दाखवला आणि जागा बधिर करून शस्त्रक्रिया करण्याचा मार्ग खुला झाला. पुढच्या दशकात ब्रेसलाऊच्या कार्ल पार्च यांनी ही शस्त्रक्रिया पद्धतशीर केली. हिरडीवरचा त्यांचा अर्धचंद्राकृती छेद पुढे वर्षानुवर्षं वापरात राहिला. मुळापर्यंत पोहोचायला हाडात आठ-दहा मिलिमीटरचं भोक पाडावं लागे, टाके जाड रेशमाचे असत आणि आठवडाभर तोंडात राहून अन्नकण धरून ठेवत.

१९९० च्या दशकात शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक आणि ध्वनिलहरींवर चालणारी बारीक टोकं आली. भोक तीन-चार मिलिमीटरवर आलं. मुळाचं साधारण तीन मिलिमीटर टोक कापायचं, उरलेल्या मुळाचं तोंड आतून बंद करायचं आणि केसासारखे बारीक टाके घालायचे, तेही दोन-तीन दिवसांत काढायचे. टाके घातल्यावर ओल्या गॉजने हिरडी काही मिनिटं दाबून धरतात. त्याने हिरडीखाली साचलेलं रक्त निघून जातं आणि ती हाडाला घट्ट बसते. आपण घरी बर्फ धरून जेवढी सूज वाचवतो, त्याहून कितीतरी अधिक त्या खुर्चीवरच्या हलक्या हाताने वाचते, असं मला ठामपणे वाटतं.

औषधांचा इतिहासही याच फरकाभोवती फिरतो. पेनिसिलिन आल्यावर सूज दिसली की प्रतिजैविक, अशी सवय पडली. पण जखमेच्या सुजेत मारायला जंतूच नसतात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका डच चाचणीत, याच शस्त्रक्रियेआधी प्रतिजैविक दिलेल्या आणि न दिलेल्या रुग्णांच्या जंतुसंसर्गात लक्षणीय फरक आढळला नाही. सुजेच्या मुळाशी जाणारी औषधं वेगळी. आयब्युप्रोफेन १९६९ साली ब्रिटनमध्ये बाजारात आलं, पण ते आणि अ‍ॅस्पिरिन नेमकं काय करतात हे १९७१ साली जॉन व्हेन यांनी उलगडलं: ही औषधं सूज आणि वेदना वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं शरीरात तयारच होऊ देत नाहीत. म्हणून बधिरपणा उतरायच्या आत पहिली गोळी घ्यायला सांगतात. अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, तर ही गोळी घ्यायची की नाही हे आधी डॉक्टरांना विचारायचं.

बर्फ पहिल्या दिवशीच कामाचा: फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, मग तेवढीच विश्रांती. झोपताना उशी उंच. आणि टाके कसे दिसतात हे पाहायला ओठ वर ओढायचा नाही. हाडाला नुकती चिकटू लागलेली हिरडी त्या एका ओढीने सुटते, आणि मग सूज पुन्हा पहिल्यापासून.

चौथ्या-पाचव्या दिवशी गालावरचा निळा डाग पिवळा होत मानेकडे उतरतो. झिरपलेलं रक्त खाली सरकत असतं, त्याला काही करावं लागत नाही. पण तिसऱ्या दिवसानंतर सूज वाढतच गेली, ताप आला, तोंडात घाण चव आली, तर दवाखान्यात जायचं. आणि गिळताना त्रास, जिभेखाली कडकपणा किंवा श्वासाला अडथळा जाणवला, तर ती लुडविग यांनी लिहून ठेवलेली सूज असू शकते. तेव्हा सकाळची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठायचं.