तेहतीस बिटांचा माणूस

मागच्या महिन्यात एका मैत्रिणीकडे गेले होते. तिच्या डोक्यात सध्या आकाशदर्शनाचं खूळ आहे, त्यामुळे तास-दीड तास दुर्बिणीवरच गप्पा झाल्या. आरसा मोठा असावा की नळी लांब, तिपाई कशी हवी, वगैरे. घरी येऊन फोन उघडला तर पहिलीच जाहिरात दुर्बिणीची. मी आयुष्यात दुर्बिणीविषयी एक अक्षर कधी शोधलेलं नव्हतं. "बघ, मी सांगत होतो ना, फोन सगळं ऐकतो!" हे वाक्य अशा वेळी घरातलं कोणीतरी म्हणतंच. आमच्याकडेही म्हटलं गेलं.

हा संशय इतका सार्वत्रिक आहे की अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी तो सरळ तपासूनच पाहिला. अँड्रॉइडची १७ हजारांहून जास्त अ‍ॅप्स घेतली आणि त्यांच्यातून बाहेर काय काय जातं यावर पहारा ठेवला. २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गुपचूप माइक चालू करून आवाज बाहेर पाठवणारं एकही अ‍ॅप त्यांना सापडलं नाही. काही अ‍ॅप्स मात्र पडद्यावर काय चाललंय त्याची चित्रं आणि चित्रफिती तिसऱ्याच कंपनीकडे पाठवताना पकडली गेली. म्हणजे शोधायला गेले कान आणि सापडले डोळे.

तसाही हिशेब केला तर चोवीस तास ऐकत बसणं हा फार खर्चिक उद्योग आहे. बॅटरी संपणार, डेटा संपणार, आणि हाती लागणार तासन्‌तासांची निरर्थक बडबड. जाहिरातवाल्यांना तो उपद्व्याप करायची गरजच पडत नाही, कारण त्यांचं काम त्याहून कितीतरी स्वस्तात होतं. ते कसं, हे कळायला १९९४ सालापर्यंत मागे जावं लागतं.

वेब मुळात विसराळू होतं. तुम्ही एक पान मागितलं, सर्व्हरने ते दिलं, संपलं. पुढच्या क्षणी दुसरं पान मागितलंत तर त्या सर्व्हरच्या लेखी तुम्ही नवाच माणूस. वाचण्यापुरतं हे ठीक होतं, पण दुकान कसं चालवणार? टोपलीत एक वस्तू टाकली आणि पुढच्या पानावर गेलं की टोपली रिकामी. नेटस्केप कंपनीतल्या लू मोंटुली या अभियंत्याने यावर तोडगा काढला. सर्व्हरने ब्राउझरच्या हाती एक चिठ्ठी द्यायची आणि ब्राउझरने पुढच्या प्रत्येक भेटीत ती दाखवायची. सामान ठेवायच्या काउंटरवर बिल्ला मिळतो ना, तसंच. बिल्ल्यावर तुमचं नाव नसतं, नुसता क्रमांक असतो, पण तुमची पिशवी कुठली हे काउंटरवाल्याला बरोबर कळतं. या चिठ्ठीला मोंटुलीने 'कुकी' म्हटलं. प्रोग्रामर मंडळींमध्ये 'मॅजिक कुकी' हा शब्द आधीपासून होताच.

इथवर सगळं निरागस आहे. गडबड पुढे झाली. एखादं पान उघडलं की त्यावरचं सगळं काही एकाच ठिकाणाहून येत नाही. मजकूर वृत्तपत्राच्या सर्व्हरवरून, व्हिडिओ दुसरीकडून, जाहिरात तिसऱ्याकडून. आणि ज्याच्याकडून काही येतं त्याला आपला बिल्ला देता येतो. आता एकाच जाहिरात कंपनीचा तुकडा हजारो संकेतस्थळांवर बसलेला असेल, तर तीच कंपनी सकाळी बातम्या वाचताना, दुपारी औषधाची माहिती शोधताना आणि रात्री घरभाड्याचे दर बघताना तुमचा तोच बिल्ला पाहते. जाहिरात दिसायचीही गरज नाही. एक पिक्सेल रुंद, एक पिक्सेल उंच असं पारदर्शक चित्र पानात दडवलं तरी भागतं. ते मागवताना ब्राउझर बिल्ला दाखवतोच. हा धोका वेळीच ओळखणारे लोक नव्हते असं नाही. १९९७ साली कुकींचे नियम लिहिले गेले तेव्हाच, असे परके बिल्ले ब्राउझरने आपण होऊन घेऊ नयेत, असं त्यात म्हटलं होतं. ब्राउझर बनवणाऱ्यांनी ते मनावर घेतलं नाही.

या सगळ्या माहितीचं पुढे काय होतं, तर लिलाव. पान उघडायला तुम्ही बोट टेकवता आणि पान दिसतं, या मधल्या वेळात, साधारण एक दशांश सेकंदात, म्हणजे पापणी लवण्याइतक्या अवधीत, त्या पानावरची रिकामी चौकट विकली जाते. "अमुक बनावटीचा फोन, अंदाजे अमुक ठिकाणी, हा बिल्ला, ही आवड, कोण किती देतो?" असा पुकारा अनेक कंपन्यांकडे एकाच वेळी जातो, त्यांची यंत्रं बोली लावतात, सर्वांत चढी बोली जिंकते. जिंकणाऱ्याची जाहिरात तुम्हाला दिसते. मला यात खटकते ती दुसरीच बाजू. हरणाऱ्या सगळ्यांनाही तो पुकारा ऐकू आलेला असतो. चौकट एकालाच मिळाली, माहिती मात्र सगळ्यांना. हे दिवसातून किती वेळा होतं ते तुमच्या फोनला विचारा. प्रत्येक पानावर, प्रत्येक फुकट खेळाच्या प्रत्येक डावात.

धंदा किती मोठा आहे याचा अंदाज हवा असेल तर २०२३ चा ताळेबंद पाहा. गूगलची पालक कंपनी अल्फाबेट हिचं त्या वर्षीचं उत्पन्न सुमारे ३०७ अब्ज डॉलर होतं. त्यातले जवळपास २३८ अब्ज निव्वळ जाहिरातींचे.

यावर कंपन्यांचं ठरलेलं उत्तर असतं: आम्ही तुमचं नाव घेतच नाही, आमच्याकडे फक्त निनावी माहिती आहे. हे उत्तर खोटं नसतं. ते निरुपयोगी असतं, आणि का, ते गणितच सांगतं.

एक खेळ खेळून पाहू. जगातल्या कोणत्याही एका माणसाला ओळखायचंय आणि फक्त हो-नाही अशी उत्तरं मिळणारे प्रश्न विचारायचे आहेत. उत्तम प्रश्न तो, जो उरलेल्यांचे बरोबर दोन भाग करतो. एका प्रश्नात जग निम्मं झालं, दुसऱ्यात पाव. किती प्रश्न लागतील? एकाची दुप्पट, त्याची दुप्पट असं करत तेहतिसाव्या वेळी आपण ८५९ कोटींवर पोचतो. जगाची लोकसंख्या ८०० कोटींच्या जरा वर आहे. म्हणजे तेहतीस प्रश्न पुरले. अशा एका हो-नाहीला माहितीशास्त्रात 'बिट' म्हणतात. आपण सगळे, नाव-आडनाव, स्वभाव, आठवणी यांच्यासकट, तेहतीस बिटांत मावतो. पहिल्यांदा हा आकडा वाचला तेव्हा मला थोडा अपमानच वाटला होता.

आता हे बिट गोळा कसे होतात ते पाहा. स्त्री की पुरुष: साधारण एक बिट. साधारण पंचवीस हजार वस्तीचा तुमचा भाग कुठला: ८०० कोटींतून तेवढे निवडायचे म्हणजे अठरा बिट. जन्मतारीख, वर्षासकट: जवळजवळ पंधरा. झाले की चौतीस! दुसऱ्या रीतीने बघायचं तर पंचवीस हजार लोक आहेत, आणि ऐंशी वर्षांतले सगळे दिवस गुणिले दोन लिंगं असे अठ्ठावन्न हजार कप्पे आहेत. माणसांपेक्षा कप्पेच जास्त, तेव्हा बहुतेक जण आपापल्या कप्प्यात एकटेच असणार.

हे कागदावरचं गणित लतान्या स्वीनी या संशोधिकेने १९९७ च्या सुमारास प्रत्यक्षात करून दाखवलं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या आजारपणाच्या नोंदी संशोधनासाठी दिल्या गेल्या होत्या. नाव-पत्ता काढलेला, निनावी. जन्मतारीख, लिंग आणि टपाल विभागाचा क्रमांक तेवढा ठेवलेला. राज्याचे गव्हर्नर तेव्हा विल्यम वेल्ड होते आणि ते केंब्रिज शहरात राहत. स्वीनी यांनी त्या शहराची मतदारयादी वीस डॉलरला विकत घेतली. वेल्ड यांच्या जन्मतारखेचे लोक यादीत निघाले सहा. त्यांत पुरुष तीन. आणि वेल्ड यांच्या टपाल विभागात राहणारा त्यातला फक्त एक. गव्हर्नरसाहेबांच्या आजारपणाची फाइल हातात! पुढे २००० साली स्वीनी यांनी काढलेला अंदाज असा की या तीन गोष्टींवरून ८७ टक्के अमेरिकी लोक एकटे ओळखू येऊ शकतात.

आपण कुठे जातो-येतो हे तर याहून बोलकं. २०१३ साली एका संशोधनात पंधरा लाख लोकांच्या मोबाइलच्या पंधरा महिन्यांच्या निनावी नोंदी तपासल्या. अमुक वेळी अमुक टॉवरपाशी, अशा फक्त चार नोंदी माहीत असल्या तर ९५ टक्के लोक गर्दीतून वेगळे काढता येत होते. विचार केला तर नवल नाही. रात्री तुमच्या घरी आणि दिवसा तुमच्या कामाच्या जागी असणारा दुसरा माणूस असा कितीसा सापडेल?

बिल्ला फेकून दिला, म्हणजे कुकी पुसून टाकल्या, तरी सुटका नाही. ब्राउझर स्वतःविषयी फार बडबड करतो. पडदा किती मोठा, कुठल्या प्रदेशाचं घड्याळ, कोणते फाँट बसवलेत, कोणती भाषा आधी हवी, चित्रं काढणारी चिप कोणती. यातलं काहीच गुपित नाही, पान नीट दिसावं म्हणून हे विचारलं जातं. पण बिटांची बेरीज होत राहते. एक युक्ती तर मला फारच चतुर वाटते. पान तुमच्या ब्राउझरला पडद्याआड, तुम्हाला न दाखवता, एक छोटं चित्र आणि एखादी ओळ रंगवायला सांगतं. प्रत्येक यंत्र अक्षरांच्या कडा किंचित निराळ्या घोटतं. चिप वेगळी, तिला चालवणारं सॉफ्टवेअर वेगळं, की दोन-चार पिक्सेलची छटा बदलते. डोळ्यांना फरक कळत नाही, गणिताला कळतो. त्या चित्राचा एक आकडा करायचा, की झाला यंत्राचा ठसा. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने २०१० साली लोकांना आपला ब्राउझर तपासून घ्यायचं आवाहन केलं, तेव्हा आलेल्या ब्राउझरांपैकी ८३.६ टक्के एकमेवाद्वितीय निघाले.

इथे आपल्यासाठी एक गंमत आहे. बिट दुर्मिळतेवर मिळतात. जे सगळ्यांकडे असतं त्यातून काहीच कळत नाही. त्यामुळे ज्याने ब्राउझरची पहिली भाषा इंग्रजी ठेवली आहे तो गर्दीत लपतो, आणि ज्याने हौसेने मराठी ठेवली आहे तो जास्त बिट देऊन बसतो. माझी मराठीच आहे, ती मी बदललेली नाही. 'माझा माग काढू नका' अशी एक सूचना ब्राउझरमधून पाठवायची सोय मध्यंतरी निघाली होती, तिचीही हीच गत झाली. ती पाळायचं बंधन कोणावर नव्हतं आणि ती चालू करणारे मोजकेच, म्हणजे माग काढायला आणखी एक खूण.

तर दुर्बीण. माझ्याबाबतीत नेमकं काय घडलं हे बाहेरून सिद्ध करता येत नाही, पण ऐकण्यावाचून असं घडायचे मार्ग पुष्कळ आहेत. मैत्रीण आठवडाभर दुर्बिणी शोधत होती. मी तिच्या वायफायला फोन जोडला, म्हणजे बाहेरच्या जगाला आम्ही दोघी इंटरनेटच्या एकाच पत्त्यावरून दिसलो. तिच्या फोनमधली नावांची यादी कुठल्यातरी अ‍ॅपने कधीच उचलली असेल, त्यात मी आहे. शिवाय दुकानं आपल्या ग्राहकांचे फोन नंबर सांकेतिक आकड्यात बदलून जाहिरात कंपनीला देतात आणि सांगतात, यांच्यासारख्या आवडीनिवडींची माणसं शोधा. सांकेतिक म्हणजे सुरक्षित असं वाटतं खरं, पण एका नंबराचा आकडा दर वेळी तोच येतो. कंपनीने आपल्याकडच्या नंबरांचे आकडे तसेच काढले, की जोड्या जुळल्या. आणि एक वाटा माझाही: त्या दिवशी दिसलेल्या इतर शंभर जाहिराती मला आठवत नाहीत. दुर्बिणीची आठवते.

बचावाच्या बाजूने गेल्या काही वर्षांत हालचाल बरीच झाली. सफारी आणि फायरफॉक्स हे ब्राउझर परके बिल्ले आता अडवतात. अ‍ॅपलने २०२१ मध्ये, दुसऱ्या अ‍ॅपांत माग काढण्याआधी विचारलंच पाहिजे, अशी अट आयफोनवर घातली, आणि त्यापायी २०२२ मध्ये सुमारे दहा अब्ज डॉलरचा फटका बसेल असा अंदाज खुद्द फेसबुकच्या कंपनीने दिला. एका प्रश्नाची किंमत! गूगलने २०२० साली क्रोममधून परके बिल्ले काढून टाकण्याचं जाहीर केलं, तारखा पुढे ढकलल्या आणि २०२४ मध्ये बेत गुंडाळला. टॉर ब्राउझरची रीत मात्र निराळी आहे. तो तुम्हाला लपवण्यापेक्षा सगळ्यांना एकसारखं दाखवतो. खिडकीची मापंसुद्धा ठरावीक ठेवतो, म्हणजे बिटच निघू नयेत.

याहूनही मला आवडते ती स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५ साली सुचवलेली कल्पना. तिचं सोपं रूप असं: हजार लोकांना एक अवघड प्रश्न विचारायचा, पण उत्तराआधी प्रत्येकाने गुपचूप नाणं उडवायचं. छापा आला तर खरं सांगा. काटा आला तर पुन्हा उडवा आणि नाणं म्हणेल ते, हो किंवा नाही, सांगा. समजा ३५० जणांनी हो म्हटलं. काटा साधारण ५०० जणांचा पडला, त्यातल्या निम्म्यांना नाण्यानेच हो म्हणायला लावलं; म्हणजे साधारण २५० नाण्याचे. उरले १००, तेही खरं बोलणाऱ्या ५०० पैकी. म्हणजे खरं प्रमाण वीस टक्के. आकडा मिळाला, पण 'हो' म्हणणाऱ्या कोणाकडेही बोट दाखवता येत नाही; तो केव्हाही म्हणू शकतो, माझा काटा पडला होता. लोक कोणत्या इमोजी जास्त वापरतात हे मोजायला अ‍ॅपलने २०१६ पासून याच जातीची पद्धत घेतली.

इमोजी मोजायला ती चालते. लिलावात चालत नाही, कारण तिथे वीस टक्के लोकांना बोली लागत नाही. बोली लागते ती ह्या क्षणी पान उघडणाऱ्या एकावर. मैत्रिणीने दुर्बीण घेऊन तीन आठवडे झाले. तिला अजून दुर्बिणीच्याच जाहिराती येतात.