हिमस्खलन बीकन : विश्वासार्हता आणि उतारावरील निर्णय

हिमाखाली गाडल्या गेलेल्या व्यक्तीचा ठावठिकाणा लावण्यासाठी अंगावर बाळगायच्या लहान रेडिओ उपकरणास हिमस्खलन बीकन म्हणतात. स्की केंद्राच्या देखरेखीखालील मार्गांबाहेर, म्हणजे बॅककंट्रीत, जाणाऱ्या प्रत्येकाकडे बीकन, प्रोब म्हणजे बर्फात खुपसायची घडीची लांब काठी आणि फावडे असावे, असा प्रघात आहे. एरवी बीकन सतत संकेत सोडत असते. कोणी गाडले गेले की उरलेले सोबती आपले बीकन शोधस्थितीत नेऊन तो संकेत पकडतात.

जॉन लॉटन यांनी १९६८ मध्ये अमेरिकेत ‘स्काडी’ हे उपकरण तयार केले. त्याची कंप्रता २.२७५ किलोहर्ट्‌झ होती. पुढे ४५७ किलोहर्ट्‌झ ही आंतरराष्ट्रीय प्रमाण कंप्रता ठरली आणि कोणत्याही बनावटीचे बीकन दुसऱ्या बनावटीचे शोधू लागले. जुन्या उपकरणांत आवाजाचा चढउतार कानाने ताडावा लागे, तर १९९७ नंतर आलेल्या डिजिटल उपकरणांत बाण आणि आकडा दिसतो. मात्र बाण चुंबकीय क्षेत्राच्या वक्र रेषेवरून नेतो, सरळ माणसाकडे नव्हे, आणि आकडा हा अंतराचा अंदाजच असतो. नवख्याची तारांबळ उडते ती इथेच.

उपकरण दगा देते ते बहुधा क्षुल्लक कारणांनी : उतरलेली किंवा गळकी बॅटरी, छातीच्या खिशात बीकनला खेटून ठेवलेला फोन, नकळत सरकलेली कळ. कळीच्या अशाच दोषामुळे २०२१ मध्ये काही बीकन बाजारातून परत मागवावी लागली. म्हणून निघण्यापूर्वी एकाने पुढे उभे राहून बाकीच्यांचे संकेत एकेक करून तपासायचे असतात. फोन संकेत सोडताना किमान २० सेंमी. आणि शोधताना ५० सेंमी. दूर ठेवावा, असे सांगितले जाते.

उपकरण निर्दोष असले तरी वेळ थोडा असतो. स्वित्झर्लंडमधील नोंदींवर आधारलेल्या १९९४ च्या विश्लेषणानुसार पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के जगतात. पस्तीस मिनिटांपर्यंत हे प्रमाण जेमतेम एक तृतीयांशावर येते. यातला बराचसा वेळ खणण्यात जातो, कारण थांबलेले हिम दगडासारखे घट्ट बसते. शिवाय झाडाखडकांवर आदळून जे आधीच दगावतात, त्यांना बीकनचा काहीच उपयोग नसतो.

त्यामुळे खरा प्रश्न उतारावर पाऊल ठेवायचे की नाही, हा. ३० ते ४५ अंशांचे उतार सर्वांत धोक्याचे असतात. पाच पायऱ्यांच्या धोकाश्रेणीत बरेच मृत्यू तिसऱ्या पायरीवर होतात, कारण चौथीला लोक घरी थांबतात आणि तिसरीला ‘आज जमेल’ म्हणतात. ओळखीचा उतार, ताजे भुसभुशीत हिम आणि गटातल्या जाणत्यावरचा विश्वास यांमुळे सारासारविचार कसा मागे पडतो, हे हिमस्खलन-संशोधक इयन मॅककॅमन यांनी अपघातांच्या नोंदींवरून दाखवले. १९ फेब्रुवारी २०१२ रोजी अमेरिकेतील स्टीव्हन्स पास स्की केंद्रालगतच्या टनेल क्रीकमध्ये अनुभवी मंडळींचा मोठा गट उतरला आणि त्यांपैकी तिघे हिमाखाली मरण पावले.

भारतात हा प्रश्न मुख्यतः गुलमर्गचा आहे. तिथल्या गोंडोलाचा, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या पाळण्यांचा, दुसरा टप्पा अफरवत शिखराच्या खांद्यापर्यंत, सुमारे ३,९५० मीटरवर, नेतो. तारेखालील मुख्य उतारावर गस्तीपथकाची नजर असते, पण तिथून बाजूला वळले की पुढचे सगळे उतार अनियंत्रित आहेत.