शिलाकृती पर्यटन

ऊन, पाऊस, गोठणारे पाणी, क्षार आणि वारा यांच्यामुळे झिजून तयार झालेल्या कमानी, सुळके, भूछत्र खडक असे नैसर्गिक आकार पाहण्यासाठी केलेली भटकंती. अमेरिकेतील यूटा, तुर्कस्तानातील कॅपाडोकिया, इजिप्तमधील फराफ्राजवळचे पांढरे वाळवंट व तैवानचा येहलिऊ किनारा ही तिची प्रसिद्ध ठिकाणे.

या आकारांचे सारे श्रेय बहुधा वाऱ्याला दिले जाते आणि तिथेच पाहणाऱ्याची फसगत होते. भूछत्र खडकांत वाऱ्याचा हात खरा. वाऱ्यासोबत उसळणारी वाळू जमिनीलगतच जोराने आपटते. त्यामुळे खडकाचा पायथा जास्त झिजतो आणि वरचा भाग छत्रीसारखा उरतो. बोलिव्हियाच्या सिलोली वाळवंटातील ‘दगडी झाड’ असेच घडले. कमानींमध्ये मात्र मुख्य कारागीर पाणी. वालुकाश्माचे कण जखडून ठेवणारे कॅल्साइट पाण्यात विरघळते, भेगांतले पाणी गोठून फुगते, खपल्या पडतात आणि शेवटी पातळ भिंत आरपार फुटते. ऑस्ट्रेलियातील हायडनजवळची सुमारे १५ मी. उंच ‘वेव्ह रॉक’ पाहून तर वाऱ्याचीच आठवण येते. पण ग्रॅनाइटचा हा खोलगट कडा मातीखाली ओलीने कुजून तयार झाला आणि माती वाहून गेल्यावर उघडा पडला.

खडक सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पाहावा. माथ्यावरच्या उन्हात उठाव हरवतो. ॲरिझोना-यूटा सीमेवरील ‘द वेव्ह’ येथे एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेषा दिसतात. त्या ज्युरासिक काळातील, म्हणजे डायनोसॉरांच्या युगातील, वाळूच्या टेकड्यांचे थर आहेत. त्या काळी वारा कोणत्या दिशेने वाहत होता, हेही त्यांच्या उतारावरून कळते. या जागेचे सौंदर्य खरे तर या रेषांत आहे, छायाचित्रात ते अर्धेही उतरत नाही. इथले प्रवेश परवाने मर्यादित असून सोडतीने दिले जातात.

हे आकार टिकाऊ नाहीत. यूटातील सुमारे ८८ मी. लांबीच्या लँडस्केप आर्चचा मोठा तुकडा १९९१ मध्ये निखळला, तेव्हापासून कमानीखालची वाट बंद आहे. जवळची वॉल आर्च २००८ मध्ये, तर माल्टातील सागरी कमान ‘अझूर विंडो’ २०१७ च्या वादळात कोसळली. ही पडझड निसर्गक्रमाचीच. पण २०१३ मध्ये यूटातील गॉब्लिन व्हॅलीत माणसांनी ढकलून पाडलेली शिला हा निव्वळ नासधुशीचा प्रकार होता आणि त्याबद्दल खटलाही झाला. यूटात वाटेबाहेर पाऊल टाकले तरी मातीवरचा सूक्ष्मजीव, शेवाळ यांचा सजीव पापुद्रा चुरतो. तो भरून यायला अनेक दशके जातात.

अरुंद घळींत आभाळ निरभ्र असतानाही लोंढा येऊ शकतो. १९९७ मध्ये ॲरिझोनातील ॲन्टिलोप कॅन्यन या घळीत दूरवर पडलेल्या पावसाच्या पुराने ११ पर्यटकांचा बळी घेतला. आज तिथे वाटाड्याशिवाय जाता येत नाही. भिजलेला वालुकाश्म कमकुवत होतो, म्हणून जाणते गिर्यारोहक पावसानंतर निदान एक-दोन दिवस त्यावर चढत नाहीत.