पृथ्वी फिरते, तरी न्यूयॉर्क जवळ का येत नाही?

लंडनहून न्यूयॉर्कला जायला विमानाला साधारण साडेसात-आठ तास लागतात आणि परत यायला साडेसहा-सात. अंतर तेच, सुमारे 5,550 किलोमीटर. हे ऐकलं की कोणीतरी हमखास म्हणतं, "पृथ्वी फिरते ना, म्हणून!" पण जरा विचार करा. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विमान उडाल्यावर खालची जमीन तेवढी सरकत राहिली असती, तर न्यूयॉर्कच लंडनच्या दिशेने आलं असतं आणि जातानाचा प्रवास झटपट झाला असता. घडतं नेमकं उलट. कारण जमिनीबरोबर वातावरणही फिरतं आणि विमान त्या वातावरणात उडतं.

फरक पडतो तो जेट स्ट्रीममुळे. साधारण 9 ते 12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा हा वाऱ्याचा अरुंद झोत. मुंबई-लंडन प्रवासातही जाताना जास्त वेळ लागतो तो याच पश्चिमी वाऱ्यांमुळे.

पण वारा पूर्वेकडेच का जातो? इथे मात्र पृथ्वीचं फिरणं खरोखर कामाला येतं. विषुववृत्तावरची जमीन आणि तिथली हवा ताशी सुमारे 1,670 किलोमीटर वेगाने पूर्वेकडे फिरत असते. ही हवा तापून वर चढते आणि ध्रुवाकडे निघते. 30 अंश अक्षांशापर्यंत येताना पृथ्वीच्या अक्षापासूनचं तिचं अंतर मूळच्या 0.866 पट उरतं. गिरकी घेताना हात अंगाशी ओढले की वेग वाढतो, तसंच इथे होतं. कोनीय संवेग (फिरण्याचा वेग गुणिले अक्षापासूनचं अंतर गुणिले वस्तुमान) टिकायचा तर हवेचा वेग 1,670 भागिले 0.866, म्हणजे सुमारे 1,930 व्हायला हवा. तिथली जमीन मात्र 1,670 गुणिले 0.866, म्हणजे सुमारे 1,446 वेगानेच फिरते. म्हणजे हवा जमिनीच्या ताशी सुमारे 480 किलोमीटर पुढे धावणार! प्रत्यक्षात मोठाले भोवरे यातला बराच वेग काढून घेतात, पण दिशा पूर्वेचीच राहते. हिवाळ्यात हिमालयाच्या दक्षिणेकडून उत्तर भारतावर वाहणारा झोत याच जातीचा. अटलांटिकवरचा झोत आणखी उत्तरेला असतो. ध्रुवाकडची थंड आणि दक्षिणेकडची उबदार हवा यांच्या तापमानातला फरक त्याला जोर देतो. हा फरक हिवाळ्यात जास्त, म्हणून तेव्हा वाराही जास्त.

8 फेब्रुवारी 2020 रोजी न्यूयॉर्कहून निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं बोइंग 747 विमान किआरा वादळाच्या काळातल्या जोरदार झोतावर स्वार होऊन 4 तास 56 मिनिटांत लंडनला पोचलं. जमिनीच्या संदर्भात त्याचा वेग ताशी 1,300 किलोमीटरच्या वर गेला. लगेच 'ध्वनीपेक्षा वेगवान' अशी चर्चा सुरू झाली. ती चुकीची आहे. ध्वनीशी तुलना करायची ती भोवतालच्या हवेतल्या वेगाची, आणि त्या हवेत विमान नेहमीच्याच वेगाने उडत होतं.

जाताना गमावलेला वेळ येताना पूर्ण भरून निघतो, असंही नाही. विमानाचा वेग 900 आणि वारा 100 धरा. येताना 5 तास 33 मिनिटं, जाताना 6 तास 56 मिनिटं, एकूण 12 तास 29 मिनिटं. वारा नसता तर 12 तास 20 मिनिटं लागली असती. विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ असतं, म्हणून ही तूट.

म्हणूनच अटलांटिकवरचे मार्ग रोजच्या वाऱ्याप्रमाणे नव्याने आखले जातात. पूर्वेकडे जाणाऱ्या विमानांचे मार्ग कॅनडातल्या गँडरच्या हवाई वाहतूक नियंत्रण केंद्रातून ठरतात, पश्चिमेकडचे स्कॉटलंडमधल्या प्रेस्टविकच्या केंद्रातून. अमेरिकेकडे निघालेलं विमान झोत चुकवायला कधी बरंच उत्तरेकडून वळसा घालतं आणि लांबच्या वाटेनेही सरळ वाटेपेक्षा लवकर पोचतं.