रेस दिली की चढणारा सूर

ॲक्सिलरेटर दाबला की गाडीतून 'घूंऽऽ' असा बारीक, सलग आवाज येतो आणि वेगाबरोबर त्याचा सूर चढत जातो. अशा वेळी बहुतेकदा अंदाजानं एकेक सुटा भाग बदलला जातो. खर्च होतो, आवाज मात्र राहतोच. मला हे फार खटकतं, कारण दोष कुठे आहे याचा पत्ता तो आवाजच देत असतो. खडखडीत किंवा टकटकीत ठोके सुटे ऐकू येतात. घूं आवाजात तेच ठोके इतके भराभर पडतात की कानाला त्यांचा एक सूर वाटतो. 30 दात्यांचं चक्र मिनिटाला 2000 फेऱ्या घेत असेल, तर सेकंदाला 1000 वेळा दाता दात्याला भिडतो. हा झाला 1000 हर्ट्झचा सूर. तेव्हा बॉनेट उघडण्याआधी एकच प्रश्न: सूर इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढतो की चाकांच्या वेगाबरोबर?

त्यासाठी गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, न्यूट्रलमध्ये हळूहळू रेस द्या. उभ्या गाडीतही सूर चढला, तर चाकं, त्यांची बेअरिंग आणि डिफरन्शियल (इंजिनाची ताकद दोन्ही बाजूंच्या चाकांना वाटून देणारा गिअरचा संच) यांना लगेच वगळता येतं. उभ्या गाडीत काहीच आलं नाही, तर रस्त्यावर एकाच वेगात दोन वेगवेगळ्या गिअरमध्ये गाडी चालवून पाहा. गिअर बदलल्यावर सूरही बदलला तर दोष इंजिनाकडे किंवा गिअरबॉक्सच्या इंजिनाकडच्या भागात आहे. तो जागचा हलला नाही, तर डिफरन्शियल, चाकं आणि टायरकडे बघायचं.

इंजिनाकडच्या आवाजात नेहमीचे संशयित एकाच पट्ट्यावर फिरतात: अल्टरनेटर (गाडीची वीज तयार करणारा), पॉवर स्टिअरिंगचा पंप, काही गाड्यांत पाण्याचा पंप, आणि पट्टा ताणून धरणारी पुली. बेअरिंगमधलं ग्रीस संपलं की गोळ्या कोरड्या धातूवर घासू लागतात. पॉवर स्टिअरिंगच्या पंपाचं मात्र वेगळं आहे. टाकीतलं ऑइल कमी झालं, की पंप ऑइलाबरोबर हवाही ओढतो. ओढण्याच्या बाजूला दाब फार घसरला तर ऑइलातच बुडबुडे तयार होतात आणि पुढे दाब वाढताच ते फुटतात. हजारो बुडबुड्यांच्या त्या फुटण्याचा मिळून कण्हल्यासारखा आवाज येतो. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर तो वाढला आणि टाकीतल्या ऑइलावर फेस दिसला, तर दुसरा पुरावा शोधायला नको. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलंच ऑइल भरा आणि गळती कुठे आहे ते शोधा. नुसतं ऑइल भरून सोडून दिलं तर आवाज परत येणारच. (पॉवर स्टिअरिंग पूर्णपणे विजेवर चालत असेल तर हा पंपच नसतो.)

पट्ट्यावरचा नेमका कोणता भाग ओरडतोय, हे ठरवायला अनुभवी मेकॅनिक इंजिन बंद करून पट्टा काढतात आणि इंजिन काही सेकंदच चालवून ऐकतात. पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर असेल तर इंजिनाचं पाणी फिरत नाही, म्हणून काही सेकंदच. टायमिंगच्या पट्ट्याला (इंजिनाच्या झडपांची वेळ सांभाळणारा वेगळा पट्टा) कधीही हात लावायचा नाही. आवाज गेला, की इंजिन बंद करून प्रत्येक पुली हातानं फिरवून बघायची. जी खरखरते किंवा डुगडुगते ती बदलायची. आवाज थांबवायला पट्टा अति ताणणं हा उपाय नव्हे, त्यानं चांगली बेअरिंगही जातात.

चालत्या गाडीतल्या आवाजात सगळ्यात जास्त माहिती मिळते ती ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर. गाडी ओढताना दात्याची एक बाजू भार घेते. पाय काढला की चाकं उलट इंजिनाला फिरवू लागतात आणि भार दात्याच्या दुसऱ्या बाजूवर जातो. म्हणून पाय काढताच सूर एकदम थांबला किंवा बदलला, तर संशय गिअरच्या दात्यांवर, विशेषतः डिफरन्शियलवर. चाकाचं बेअरिंग पायाकडे फारसं लक्ष देत नाही, त्याला वळण कळतं. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर जातं, तेव्हा आवाज वाढला तर उजवीकडचं बेअरिंग आधी तपासावं.

रिव्हर्समध्ये येणाऱ्या घूं आवाजानं मात्र घाबरू नका. पुढे जाण्याच्या गिअरचे दाते तिरके कापलेले असतात, ते एका टोकापासून हळूहळू एकमेकांत शिरतात. अनेक मॅन्युअल गाड्यांत रिव्हर्सचे दाते सरळ असतात, तिथे दात्याची अख्खी रुंदी एकदम भिडते.

आणि एक आवाज यंत्रातून येतच नाही. तो स्पीकरमधून येतो. म्युझिक सिस्टिम बंद करताच तो गेला, तर तो विजेचा आहे. अल्टरनेटर एसी वीज तयार करतो, डायोड तिची डीसी करतात, पण तिच्यावर बारीक लहरी उरतात. 12 ध्रुवांच्या तीन-फेज अल्टरनेटरच्या एका फेरीत अशा 36 लहरी येतात. इंजिन 1500 फेऱ्यांवर आणि अल्टरनेटर त्याच्या अडीचपट फिरत असेल, तर हा सूर 2250 हर्ट्झचा होतो, आणि आपला कान नेमका 2000 ते 5000 हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तीक्ष्ण असतो. त्यामुळे एरवी जाणवणारही नाही इतकी थोडी गळतीही टोचते. बहुधा ॲम्प्लिफायरचं अर्थिंग सैल किंवा गंजलेलं असतं, किंवा आवाजाची वायर बॅटरीच्या जाड वायरीला खेटून गेलेली असते. जोड घासून घट्ट करा, वायरी एकमेकींपासून दूर न्या. तरीही सूर राहिला, तर चालू इंजिनावर बॅटरीच्या टोकांना मल्टिमीटर एसीवर लावा. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून जास्त दिसत असेल, तर अल्टरनेटरमधला एखादा डायोड गेला असण्याची दाट शक्यता आहे.