क्रांतीवरचा निबंध पुराव्यानिशी लिहायची रीत कुठून आली

‘फ्रेंच राज्यक्रांतीची कारणे लिहा’ या प्रश्नाला राजकीय, सामाजिक, आर्थिक असे तीन मथळे टाकून पाठ केलेले मुद्दे उतरवले की वर्षानुवर्षे गुण मिळत आले. विद्यार्थ्याने स्वतः साधने तपासून युक्तिवाद करावा ही अपेक्षा मागाहून आली. तिला लागणारा कागद मात्र खुद्द क्रांतीनेच खुला केला होता. सरकारी दप्तर पाहण्याचा नागरिकांचा हक्क फ्रान्सने २५ जून १७९४ च्या कायद्यात मान्य केला. कागदपत्रांची चिकित्सा शिकवायची पद्धत जर्मनीतली. इतिहासकार लिओपोल्ड फॉन रांके एकोणिसाव्या शतकात बर्लिनमध्ये निवडक विद्यार्थ्यांना घेऊन मूळ साधने वाचत.

या शिस्तीची पहिली जाहीर कुस्तीही क्रांतीवरच झाली. फ्रेंच इतिहासकार इपोलित तेन यांनी क्रांतीवर कडाडून टीका करणारे खंड लिहिले होते. सॉरबॉनचे क्रांतिसमर्थक प्राध्यापक आल्फोंस ओलार यांनी त्यांच्या तळटिपा एकेक करून ताडून पाहिल्या आणि १९०७ मध्ये चुकांची जंत्रीच छापली. दोन वर्षांनी इतिहासकार ओग्युस्तँ कोशँ यांनी ओलारांची ती तपासणीच तपासली आणि तीत बऱ्याच चुका दाखवल्या. एरवी हे विद्वानांचे भांडण म्हणून सोडून देता येईल. पण तळटीप दुसऱ्याला पडताळता यावी म्हणून असते, हे वर्गात पटवून द्यायला याहून चांगला प्रसंग मला तरी माहीत नाही.

अमेरिकेत नेब्रास्का विद्यापीठाचे फ्रेड मॉरो फ्लिंग हीच पद्धत शाळेपर्यंत न्यायला निघाले. ते जर्मनीत लाइपझिगला शिकलेले आणि क्रांतीतला पुढारी मिराबो याचे अभ्यासक. १९१३ मध्ये त्यांनी क्रांतीवर साधनांचे एक पुस्तक काढले. टेनिस कोर्टवरील शपथेसारखी (राज्यघटना होईपर्यंत न पांगण्याची प्रतिनिधींनी १७८९ मध्ये घेतलेली शपथ) एकेक घटना घ्यायची आणि साक्षीदार समोर ठेवायचे. हा माणूस तिथे हजर होता का? त्याने कधी लिहिले? दोघांचे म्हणणे जुळते, पण एकाने दुसऱ्याचे उतरवून तर घेतले नाही ना? शाळांमध्ये मात्र ही पद्धत रुजली नाही. निव्वळ साधनांवरून शिकवायला इतिहासकारांच्या समितीने १८९९ मध्येच नकार दिला होता, आणि पाठ्यपुस्तक टिकले.

१९६० च्या दशकात अमेरिकेतल्या ॲमहर्स्ट या इतिहास-अध्यापन प्रकल्पाने १९ एप्रिल १७७५ ची लेक्सिंग्टनची चकमक, म्हणजे ब्रिटिश सैनिक आणि अमेरिकन वसाहतवाले यांच्यातल्या स्वातंत्र्ययुद्धाची सुरुवात, वर्गात आणली: पहिली गोळी कोणी झाडली? इंग्लंडमध्ये १९७२ साली सुरू झालेल्या स्कूल्स कौन्सिलच्या इतिहास प्रकल्पाने पुरावा अभ्यासक्रमाच्या केंद्रस्थानी ठेवला. १९७३ मध्ये अमेरिकेच्या ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट (शाळेत असतानाच द्यायच्या महाविद्यालयीन पातळीच्या) इतिहास परीक्षेत दस्तऐवजाधारित प्रश्न आला, आणि साधने वाचणे व निबंध लिहिणे एकाच उत्तरपत्रिकेत आले.

पण कागद हातात दिले म्हणजे ते वाचता येतात असे नाही. इतिहास कसा शिकला जातो याचे अमेरिकन संशोधक सॅम वाइनबर्ग यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लेक्सिंग्टनचेच कागद आठ इतिहासकारांना आणि शाळेतल्या आठ हुशार विद्यार्थ्यांना दिले. इतिहासकार आधी कागदाच्या तळाशी जाऊन लेखक, तारीख, प्रसंग पाहत. विद्यार्थी पहिल्या ओळीपासून सरळ वाचत सुटले, आणि त्यांना सर्वांत भरवशाचा वाटला तो पाठ्यपुस्तकातला उतारा.

आता साधनाच्या लेखकाचा विचार करण्याला ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट परीक्षेत वेगळे गुण आहेत, आणि त्यातून नवीच घोकंपट्टी जन्मली आहे: ‘लेखक वसाहतवाला आहे, म्हणून हे साधन पक्षपाती आहे.’ एवढे लिहून विद्यार्थी पुढच्या कागदाकडे वळतो. खरे काम तिथून सुरू होते. लेक्सिंग्टनच्या ३४ जणांनी चकमकीनंतर काही दिवसांतच शपथेवर जबानी दिली की आधी गोळीबार केला तो ब्रिटिश सैनिकांनी. अशा जबान्या लगोलग जहाजाने इंग्लंडला धाडल्या गेल्या. पहिली गोळी कोणाची, याचा निकाल त्या जबानीवरून लागत नाही. पण वसाहतींना त्या आठवड्यात लंडनला काय पटवून द्यायचे होते, यासाठी तो पक्का पुरावा आहे.