मानक वेगळं, आघाडी वेगळी

चार मोठ्या संगणक कंपन्या एका मंचावर आल्या की "चला, मानक ठरलं" असं म्हणणारे लोक मला फोर्टपासून पवईपर्यंतच्या खरेदीच्या बैठकांत कायम भेटतात. त्या भरवशावर टेंडरं निघतात, याचा मला मनापासून राग येतो. मंचावर दिसते ती आघाडी. मानक व्हायला पुढे बरंच काही घडावं लागतं.

मानक म्हणजे काय, हे मुंबईकराला समजावायला नको. भाजीवाल्याकडचा क्यूआर कोड कुठल्याही यूपीआय ॲपने स्कॅन होतो, तेच ते. सभासद किती आणि करार किती पानांचा, हे मानक आणि आघाडी यांच्यातले फरकही किरकोळ.

गाडी अडते ती एकाच ठिकाणी: नियम पाळला की मोडला, हे बाहेरच्या माणसाला कुणाला न विचारता तपासता येतं का? युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारं मानक; त्यात 'क' म्हणजे ०९१५. तिथे कुणी दुसरं अक्षर दाखवलं तर शाळकरी पोरही चूक पकडेल. १९९१ मध्ये स्थापन झालेल्या युनिकोड कन्सॉर्शियममध्ये ॲपल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम असे स्पर्धक एकत्र नांदले, कारण त्यांनी फक्त क्रमांक ठरवले आणि फॉन्टचा, प्रोग्रॅमचा धंदा ज्याचा त्याच्याकडे ठेवला. त्याआधी गिरगावातल्या डीटीपीवाल्याचा मजकूर परळच्या छापखान्यात न्यायचा तर फॉन्टही सोबत द्यावा लागे, नाहीतर अक्षरांचा नुसता चुरा.

आता आघाडी बघा. एटी अँड टी आणि सन या कंपन्या युनिक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालीवर एकत्र काम करू लागल्या, तेव्हा १९८८ मध्ये आयबीएम, डेक, एचपी वगैरेंनी ओपन सॉफ्टवेअर फाउंडेशन काढलं. समोरच्यांनी त्याच वर्षी युनिक्स इंटरनॅशनल उभी केली. दोघांच्याही तोंडी 'खुलं' हाच शब्द. फाउंडेशनची ओएसएफ/१ प्रणाली डेकने विकली खरी, पण आयबीएम एआयएक्सला आणि एचपी एचपी-यूएक्सला, म्हणजे आपापल्या युनिक्सला, धरून राहिली. वेगळेपणावरच ज्यांची यंत्रं खपत होती, ते तो सोडतील कशाला? १९९४ मध्ये दोन्ही संस्था एक झाल्या, तोवर मायक्रोसॉफ्टचं विंडोज एनटी स्पर्धेला बाजारात आलं होतं.

मानक संस्थेच्या नुसत्या शिक्क्यावरही माझा विश्वास नाही. मायक्रोसॉफ्टच्या ओओएक्सएमएलला, म्हणजे वर्डसारख्या प्रोग्रॅमच्या फाइलींच्या रचनेला, २००८ मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने मान्यता दिली, तेव्हा भारतीय मानक ब्यूरोने विरोधात मत दिलं होतं आणि ते योग्यच होतं. त्या मानकात 'स्ट्रिक्ट' आणि 'ट्रान्झिशनल' असे दोन प्रकार आहेत. वर्डमध्ये आपण नेहमीसारखी फाइल सेव्ह करतो ती जुन्या सवयी सांभाळणाऱ्या दुसऱ्या प्रकारात. तपासणारा मग नेमकं कशाशी ताडून बघणार?

म्हणून टेंडरमध्ये माझी अट ठरलेली असते. विक्रेत्याने तक्ते, तळटीपा आणि मराठी मजकूर असलेली फाइल आमच्यासमोर तयार करायची, ती प्रतिस्पर्ध्याच्या प्रोग्रॅममध्ये उघडायची, बदलायची आणि परत स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये आणायची. आघाडीच्या सभासदत्वाचं प्रमाणपत्र टेंडरला जोडलं नाही तरी चालेल.